चष्मा घातलेलं भूत

नारायण पेठ, पुणे
२२ सप्टेंबर २०२५

उत्कर्षा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणारच असशील तर निदान अर्धं वाचून फाड. सासूचं पत्र आहे, लांबणार हे तुला ठाऊक आहेच. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी अख्ख्या पुण्याचे नंबर जोडून दिले आणि आता सुनेचा नंबर मला लागत नाही. तू मला ब्लॉक केलं आहेस, हे शेजारच्या मुलीनं फोन बघून सांगितलं. मी तिला म्हटलं, तिकडे मांजरीला, तिच्या वडिलांकडे, नेटवर्क नसेल. तिनं नुसता फोन परत दिला.

आज घट बसले. काल सर्वपित्री होती. आनंदचं पान वाढून गच्चीत ठेवलं. अळूची भाजी, वडे, खीर, सगळं त्याच्या आवडीचं. तासभर उभी राहिले. कबुतरं आली, त्यांनी भात विस्कटून टाकला. कावळा समोरच्या केबलवर बसून होता, पण खाली काही उतरला नाही. गेल्या वर्षी दहाव्याला ओंकारेश्वरावर झालं तेच परत. तिथं दीड तास वाट बघून शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि आपल्याला घरी पाठवलं. गच्चीत माझ्यासाठी कोण दर्भ घेऊन बसलंय?

पण पत्राचं कारण वेगळं आहे. घट बसवायचे म्हणून फडताळातले कागद बदलायला काढले, तर खालून तुझं अक्षर निघालं. 'सोपा हॅलोविन केक. संस्कृती आणि आई.' वहीचं पान आहे, त्यावर तुपकट डाग पडलाय. मधे तुझी कृती आणि कडेनं नातीची चित्रं. भोपळा, कोळी, आणि एक पांढरं भूत. भुताला चष्मा आहे.

गेल्या वर्षी तो केक मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू संस्कृतीला घेऊन तुझ्या वडिलांकडे मांजरीला गेलीस, ती परत आली नाहीस. अकरा महिने होत आले.

माझीही काही बाजू आहे की नाही? मुलगा जाऊन अडीच महिने झाले होते. पहिलं वर्ष. घरात आकाशकंदील नाही, फराळ नाही, उटणं नाही. आणि ऐन नरक चतुर्दशीला मी मंडईतून येते, फ्रीज उघडते, तर आत भुतांचा केक! माझं डोकंच फिरलं. असो. बाजू मांडायला पत्र लिहीत नाहीये.

मी तो केक करणार आहे. येत्या ३१ ऑक्टोबरला. त्या दिवशी संस्कृतीला तासभर घेऊन ये. तू वर आली नाहीस तरी चालेल, खाली रिक्षात बस. आठ वर्षांची झाली ती, आणि तिच्या आठव्या वाढदिवसाला मी तिचा आवाजसुद्धा ऐकला नाही. मला तिला केक द्यायचा आहे आणि आजी चुकली एवढं सांगायचं आहे. बाकी काही मागत नाही.

तुझा ओव्हन इथेच आहे. पुसून ठेवलाय.

आई


४ ऑक्टोबर

उत्कर्षा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन जिना चढला की मी उगाच दारात जाते आणि त्याला विचारते, पंखा लावू का. तो म्हणतो, आजी, तुमचं काही नाहीये.

केकचं सांगते. केक ठीक झाला. रवा-केक मी तुझ्या आधीपासून करते, त्यामुळे तिथं कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज पडली नाही. घात झाला तो क्रीमनं. तू लिहिलं आहेस, 'बटर शंभर ग्रॅम, बिनमिठाचं, मऊ पण वितळलेलं नाही. पिठीसाखर दोनशे, चाळून.' मी म्हटलं, बाजारचं कशाला? घरात आठ दिवसांची साय आहे. काल विरजलं, आज घुसळलं, हे एवढं पांढरंशुभ्र लोणी निघालं. भूत पांढरंच तर करायचंय. मनात म्हटलं, सुनेला हे सुचलं नाही, मला सुचलं.

पिठीसाखर घातली आणि फेटायला घेतलं. पाच मिनिटं छान फुललं. मग पाणी सुटलं. खाली ताक, वर कणीदार गोळे. आणखी साखर घातली, तर साखरेचंही पाणी. तरी मी तसंच भूत घालून बघितलं. उभं राहिलं, मान टाकली आणि केकवरून घरंगळत ताटात येऊन बसलं. वास तर ताकाचा. हे लोणी बाळकृष्णानंही परत केलं असतं.

मग लक्षात आलं. घरच्या लोण्यात पाण्याचा अंश असतो, कितीही धुवा, पिळा, तो राहतोच. तू बाजारचं लिहिलं होतंस त्याला कारण होतं. मी विचारलं नाही, मला माहितीच आहे असं धरून चालले. हे मी तुझ्याशी आठ वर्षं केलं असेल, असं ताट धुताना मनात आलं.

ओंकारेश्वरावर मी चार लोकांत बोलले, तेही बोलायला नको होतं. कावळा शिवत नाही म्हणून जो तो पुढे होऊन काही ना काही कबूल करत होता. तुझे वडील म्हणाले, पोरीला अंतर देणार नाही. मी म्हणाले, 'उपाशी गेलाय माझा मुलगा. बायकोला डब्याची आठवण राहिली नाही.' सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तुझ्या अंगावर ती पांढरी ओढणी होती, तिचं टोक तू तोंडात धरलंस.

दुःखात माणूस वाटेल ते बोलतो, उत्कर्षा. त्या दिवशी डबा कुणाकडून राहिला, हे आता उगाळण्यात काही अर्थ नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की हृदयच बंद पडलं, डब्याचा काही संबंध नाही. मग सोडून देऊ तो विषय.

उद्या बाजारचं बटर आणते.

आई


१३ ऑक्टोबर

उत्कर्षा,

जमलं. बटर अर्धा तास ओट्यावर ठेवलं, बोट दाबलं की खड्डा पडेल इतकंच मऊ. साखर चाळून तीनदा घातली. चमचाभर दूध. वीस मिनिटं फेटलं. हात भरून आला, पण पांढरं झालं, हलकं झालं, चमचा उलटा धरला तरी पडेना. एवढी खूश झाले की हाक मारायला तोंड उघडलं, आणि घरात कुणी नाही.

दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, मेंदीच्या कोनासारखी गुंडाळली. टोक कापलं. खाली दाबायचं, वर उचलत न्यायचं आणि झटकन सोडायचं. पहिली अकरा भुतं बसकी आली. बाराव्याला उंची आली. डोळ्यांना चॉकलेटचे दाणे.

तू लिहिलं आहेस की आधी क्रीमचा पातळ हात फिरवायचा, त्यात केकचा चुरा मिसळतो आणि तो दिसतोच, घाबरायचं नाही. मग फ्रीजमध्ये गार करायचं आणि वरून दुसरा जाड थर द्यायचा. केशरी रंगाचा. मी केला. खरंच, चुरा कुठे दिसेना. आत आहे हे मला माहीत होतं एवढंच.

म्हणून आज एक गोष्ट सांगते. गेल्या वर्षी तो केक कुणासाठी होता ते मला माहीत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही. अपशकुन वाटला म्हणून टाकला, म्हटलं. खोटं आहे ते. तू आंघोळीला गेली होतीस. संस्कृतीच मला हाताला धरून फ्रीजपाशी घेऊन गेली. म्हणाली, "आजी, हे चष्मावालं भूत म्हणजे बाबा. आज सगळे गेलेले लोक घरी येतात. शाळेत मॅमनी सांगितलं. बाबा केक खायला येणार आहेत."

आणि मी म्हणाले, "माझ्या हातच्या पिंडाला शिवला नाही तो. तुझ्या केकला येतोय होय?"

सात वर्षांच्या मुलीला मी हे बोलले. तिला पिंड म्हणजे काय तेही कळलं नसेल. पण 'येत नाही' एवढं कळलं. तिच्या डोळ्यांदेखत मी केक उचलला आणि डब्यात उपडा केला. ती रडली नाही. तिनं डब्यात हात घातला आणि ते भूत काढायला लागली. मी तिच्या हातावर फटका मारला, घाण आहे म्हणून. तू आंघोळीहून आलीस तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत क्रीमनं भरलेला होता.

अपशकुनाचं नाव होतं. मला हेवा वाटला. पोरीला खात्री होती की बाप येणार. माझी ती खात्री घाटावरच गेली होती.

आई


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

उत्कर्षा,

काल पाडव्याला तुझे वडील येऊन गेले. आप्पासाहेब दारात उभे, हातात पेढ्यांचा पुडा, आणि चपला काढू की नको अशा विचारात. मी म्हटलं, आत या, मी काही चावत नाही. बसले. चहा घेतला. टेबलावर ताटलीत माझी सरावाची भुतं मांडलेली होती, ती बराच वेळ न्याहाळून म्हणाले, मोदक बरे जमलेत, पण आता चतुर्थी कुठली. वर्षभरात मी पहिल्यांदा हसले असेन.

मग त्यांनी तुझा निरोप सांगितला. ३१ तारखेला चार वाजता संस्कृतीला घेऊन येतेस. एक तास. वर येणार आहेस.

उत्कर्षा, मला खुर्चीत बसावं लागलं. ते पाणी आणायला आत गेले, आणि बिचाऱ्यांना पेला कुठे असतो ते कळेना. त्यांना वाटलं, हीही चालली.

पत्रं वाचतेस तर तू. संस्कृतीला तिसरं वाचून दाखवलंस, असं ते म्हणाले. 'आजीनं खरं सांगितलं' एवढंच म्हणाली म्हणे ती. तेवढं मला पुष्कळ आहे.

चष्म्याचं अजून जमत नाही. चॉकलेट वितळवून बारीक तार काढायची, तर ती मधेच तुटते. आठ दिवस आहेत, जमेल. तिच्यासाठी गच्चीतला झोका धुऊन घेतला. त्यावर घालायला उशी शिवली. तुझ्यासाठी थालीपिठाची भाजणी दळून आणली आहे. तिघींनी चार घास बसून खाऊ. मी दुपारी जेवणार नाही, तुम्ही आल्यावरच बसेन.

जाता जाता आप्पासाहेब जिन्यात थांबले. मला म्हणाले, "विहीणबाई, तुमी मोठ्या हायसा, तुमचं ऐकल ती. पोरगी दुपारचं जेवत न्हाई. डबा नेती आन् तसाच माघारी आनती. वरीस झालं. इचारलं तर म्हनती, त्यो उपाशी गेला, माझ्या घशाखाली उतरत न्हाई."

मी बघते म्हणाले. दार लावलं.

आई


२७ ऑक्टोबर

उत्कर्षा,

चार दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. पाचव्यांदा घेतलंय ते आता पुरं करते.

मला एक सोपा मार्ग होता. हे पत्र एकतीसनंतर पोस्टात टाकायचं. आधी नातीला पोटाशी घ्यायचं, केक कापायचा, तिच्या नाकाला क्रीम लावायचं आणि मग बोलायचं. किंवा बोलायचंच नाही. कुणाला कळणार होतं? आनंद नाही, उरलो मी आणि देव. देवाशी हल्ली माझं फारसं बोलणं नाही. पण मांजरीहून रोज एक भरला डबा निघतो आणि भरलाच परत येतो, हे ऐकल्यापासून माझ्या हातून पोळी तव्यावर करपते.

तेव्हा ऐक.

१३ ऑगस्टला, ज्या दिवशी आनंद गेला, तुझी कंपनीची बस सहाला होती. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर तू मला ओट्यापाशी म्हणालीस, "आई, उद्या मी लवकर जातेय. भाजी करून ठेवते. आनंदचा डबा तेवढा भराल ना?" मी हो म्हटलं. तू तोंडलीची भाजी करून गेलीस, कढईवर ताट झाकून. सगळं अगदी व्यवस्थित.

सकाळी मी त्याच्या शर्टाचे खिसे बघत होते, धुवायला टाकायचे म्हणून. मांजरीच्या फ्लॅटची पावती निघाली. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणाला, आई, सांगणारच होतो, दिवाळीनंतर जाऊ, तूही चल. तूही चल! पाहुणीला म्हणावं तसं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, जिथं राहायला चाललायस तिथूनच डबा माग.

पोळ्या केलेल्या होत्या, उत्कर्षा. सहा पोळ्या, तूप लावून, डब्यात ठेवलेल्या होत्या. मी त्या त्याच्यादेखत काढून घेतल्या. रिकामा डबा ओट्यावर आपटला. त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला, त्याची ती सवय. म्हणाला, संध्याकाळी बोलू. आणि गेला.

ऑफिसात बारा ते अडीच त्याची मीटिंग होती. तीनला काहीतरी खायला म्हणून कँटीनला निघाला आणि जिन्यात बसला. तिथेच गेला. त्याचा मित्र मला म्हणाला, काकू, सकाळपासून चहावर होता.

तू धावत आलीस, तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर मला पहिला प्रश्न हाच विचारलास. "आई, डबा नेला होता ना त्यानं? मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

आणि मी म्हणाले, "नाही बाई. मला कुठे काही बोललीस?"

का म्हणाले? मला माहीत नाही. तोंडून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मग मी ते धरूनच बसले. तू कपाळाला हात लावून आठवायला लागलीस. म्हणालीस, मला वाटलं सांगितलं, कामाच्या गडबडीत राहिलं असेल. माझ्या डोळ्यांसमोर तू तुझीच आठवण खोटी ठरवलीस, आणि मी तुला ठरवू दिलं. दहाव्याला तेच चार लोकांत बोलले. लोक कुजबुजले तेव्हा मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. निदान माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

तू सांगितलं होतंस. तुझ्याकडून काहीही राहिलं नव्हतं. त्याला उपाशी मी पाठवलं. कावळा का शिवला नाही, ते मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. त्यानं माझ्या हातचं घ्यायचं नाकारलं, एवढंच. तुझ्याकडून कबुल्या मागायची काहीच गरज नव्हती.

आता तू ३१ ला येशील की नाही, मला माहीत नाही. आलीस तर मी दार उघडेन, नाही आलीस तर समजेन. पण दुपारचा डबा खा. तो तुझा उपास नाही.

हे पत्र आत्ताच, पाय मागे घ्यायच्या आत, लक्ष्मी रोडच्या पोस्टात नेऊन टाकते. स्पीड पोस्टानं. परवा मिळेल.

आई म्हणून सही करवत नाही.

पद्मजा


१ नोव्हेंबर

उत्कर्षा,

काल चार वाजताचं तुला सांगायला हवं, म्हणून लिहितेय. उत्तराची अपेक्षा नाही.

सकाळी सहाला केक भाजला. गार केला. पातळ हात, फ्रीज, मग केशरी थर. कडेनं काळ्या चॉकलेटची जाळी, त्यावर एक कोळी, संस्कृतीनं कागदावर काढलाय तसा, सात पायांचा. आठवा काढायचा ती विसरली होती, मीही काढला नाही. मधोमध भूत. पहिल्याच झटक्यात उंच उभं राहिलं. चष्म्याची तार तीनदा तुटली, चौथ्यांदा बसली. डावीकडे किंचित उतरती आली आहे.

साडेतीनला केक फ्रीजमधून काढून खिडकीपाशी टेबलावर ठेवला, कापताना मऊ असावा म्हणून. खिडकीतून गल्लीचं तोंड दिसतं, म्हणून मीही तिथंच बसले. तू येणार नाहीस हे मला कळत होतं. पत्र बुधवारी पोचल्याचा मेसेज आला होता, आणि तुझा काही नाही. तरी प्रत्येक रिक्षाला मान वर होत होती.

पावणेचारला खिडकीच्या कठड्यावर काहीतरी धपकन उतरलं. कावळा. चांगला मोठा, मानेला राखाडी. त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, मग केककडे बघितलं. एक उडी मारून टेबलावर आला आणि भुताकडे चोच नेली.

मी टॉवेल उचलून हाकलला त्याला. "हाड! संस्कृतीचा आहे तो, उष्टा करू नकोस," असं मोठ्यानं ओरडले. तो उडाला, समोरच्या केबलवर क्षणभर बसला आणि नदीच्या बाजूला निघून गेला.

टॉवेल हातातच होता, तेव्हा कळलं मी काय केलं ते.

चौदा महिने पानं वाढतेय मी. घाटावर दीड तास हात जोडून उभी होते. वर्षश्राद्धाला, सर्वपित्रीला, दर अमावस्येला. तो आला नाही. काल आला, पोरीनं सांगितलं होतं त्याच दिवशी, तिनं सांगितलं होतं त्याच केकला. आणि मी त्याच्यापुढून अन्न काढून घेतलं. दुसऱ्यांदा.

मग मी केक उचलून कठड्यावर ठेवला. बाजूला उभी राहिले. म्हटलं, ये रे. तुझाच आहे. शेजारच्या गॅलरीतून लोक बघत असतील, बघू देत. काव काव म्हणून हाकासुद्धा मारल्या. कबुतर आलं, त्याला हाकललं. कावळा आला नाही.

सव्वाचारला तुझ्या वडिलांचा फोन आला. बराच वेळ नुसते खाकरत होते. म्हणाले, "विहीणबाई, पोरी येनार न्हाईत. उत्कर्षा म्हनती, आता नगंच. पुन्यांदा पत्रबी नगं." मी बरं म्हटलं. मग म्हणाले, "योक सांगतो, रागावू नगा. परवा तुमचं पत्र वाचून लई रडली ती. रातच्याला उठून दोन भाकरी खाल्ल्या. काल डबा रिकामा आनला. आजबी."

मी विचारलं, भाजी कसली होती? ते म्हणाले, तोंडली.

बरं झालं.

अंधार पडल्यावर केक आत घेतला. दिवसभर पोटात काही नव्हतं, म्हणून एक कडेचा तुकडा तोंडात घातला. तोंडात फिरतोय, फिरतोय, घशाखाली काही उतरेना. शेवटी उठून बेसिनमध्ये टाकला. आज दुपारीही पोळीचं तसंच झालं. तू वर्षभर कशी होतीस ते मला आत्ता कळतंय. तुझ्याकडून ते निघालं आणि ज्याचं होतं त्याच्याकडे आलं, एवढंच समजायचं. तक्रार नाही.

पत्र नको म्हणालीस, तर हे शेवटचं. ओव्हन कुणाच्या तरी हाती पाठवून देते, संस्कृतीला लागेल. कृतीचा कागद पाकिटात घातलाय. त्यावर मी एका ठिकाणी पेन्सिलीनं लिहिलंय, 'घरचं लोणी नको.' तेवढं माझं अक्षर राहू दे.

केक कचऱ्यात टाकलेला नाही. तिनं विचारलं तर सांग, आजीनं टाकला नाही. भूत वेगळं काढून बशीत ठेवलंय, फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात. चष्मा डावीकडे उतरलाय. त्याचाही तसाच असायचा, मी रोज सरळ करायचे.

तू जेवत जा.

पद्मजा